डॉक्टर, “व्हायरल फीवर” लिहून द्या ना!

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. सकाळचे साडेअकरा वाजले होते, दवाखान्यातली गर्दी ओसरत आली होती. एक मुलगी आत येऊन बसली. वय सव्वीस-सत्तावीस. तिच्या आईपासून सगळं घर माझ्याकडे येतं. ती एका विमान कंपनीत केबिन क्रू म्हणून काम करते. तिची परवानगी घेऊन आणि ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदलून हे लिहितो आहे.

“काय गं, काय होतंय?”

“विशेष काही नाही सर. दोन दिवसांचं सर्टिफिकेट हवं होतं. व्हायरल फीवर लिहून द्या ना.”

ताप नव्हता. घसा स्वच्छ होता. डोळे मात्र लाल, चेहरा ओढलेला आणि बोलताना मध्येच शब्द सापडेना. मी झोपेबद्दल विचारलं. आधी दोन दिवस पहाटे साडेचारचं रिपोर्टिंग, म्हणजे दोनचा गजर आणि तीनला गाडी. मग एक दिवस सोडून लागोपाठ दोन रात्री उड्डाणं. पाच दिवसांत मिळून किती झोप झाली, ते तिने बोटांवर मोजलं. वीस तासही भरेनात.

मग ती हळूच म्हणाली, “सर, काल मी माझं दार आर्म केलं की नाही, तेच आठवेना. परत जाऊन बघितलं. केलेलं होतं. पण केल्याचं आठवत नव्हतं.”

दार आर्म करणं म्हणजे काय, ते सांगतो. विमान निघण्यापूर्वी प्रत्येक दाराची घसरगुंडी तयार स्थितीत ठेवावी लागते. आग लागली आणि दार उघडलं, तर ती आपोआप फुगून बाहेर पडते आणि तुम्ही-आम्ही त्यावरून खाली उतरतो. ती तयार नसेल तर दार उघडतं, पण खाली उतरायला काही नसतं.

मी म्हटलं, “मग ताप कशाला लिहू? खरं तेच लिहितो. अपुरी झोप, तीव्र थकवा, ४८ तास विश्रांती आवश्यक.”

“नको सर. थकव्याला रजा मिळत नाही. तापाला मिळते.”

वाचकहो, आजचा लेख या एका वाक्याबद्दल आहे. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. केबिन क्रूच्या संघटना कामाच्या तासांसाठी भांडतात तेव्हा आपण ती पगाराची भांडणं समजतो. एक फिजिशियन म्हणून मला ती आरोग्याची आणि प्रवाशांच्या सुरक्षिततेची मागणी वाटते. जी व्यवस्था “मी थकले आहे” हे खरं कारण स्वीकारत नाही आणि “मला ताप आहे” हे खोटं कारण स्वीकारते, ती व्यवस्था आजारी आहे.

थकवा म्हणजे आळस नव्हे

आपल्याकडे थकव्याला फारसा मान नाही. “जरा चहा घे, बरं वाटेल” इथपर्यंतच आपला उपचार. पण वैद्यकशास्त्रात थकव्याला स्वतःचा कोड आहे. आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीत तो “आर ५३” या क्रमांकाखाली सापडेल. पाळ्यांच्या कामामुळे होणारा झोपेचा विकारसुद्धा मान्यताप्राप्त निदान आहे. म्हणजे मी कागदावर लिहीन तो शब्द हवेतला नाही.

आपल्या मेंदूत एक घड्याळ असतं. डोळ्यांवर पडणाऱ्या उजेडानुसार ते चालतं. रात्री साधारण दोन ते सहा या वेळेत शरीराचं तापमान, सावधपणा आणि निर्णयक्षमता सगळ्यात खाली असते. या वेळेत जागं राहिलेला माणूस सकाळी घरी येऊन झोपला तरी ती झोप रात्रीसारखी होत नाही. बाहेर उजेड, दारावर बेल, शेजारी ड्रिलचा आवाज आणि शरीर आतून “उठ, उठ” म्हणत असतं. सात-आठ तासांची झोप पाच-सहा तासांत मोडते. टाइम झोन बदलले तर घड्याळाला जुळवून घ्यायला ढोबळमानाने एका तासाच्या फरकामागे एक दिवस लागतो. क्रू तिथे थांबतो चोवीस तास, कधी त्याहूनही कमी.

आता एक तुलना. १९९७ साली “नेचर” या नियतकालिकात ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांचा एक प्रसिद्ध प्रयोग छापून आला. सलग १७ तास जागं राहिलेल्या माणसाची हात आणि नजर यांची सांगड रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असल्याइतकी बिघडली होती. चोवीस तास जागरणानंतर ती साधारण ०.१० टक्क्याइतकी बिघडली. आपल्याकडे गाडी चालवताना रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा आहे ०.०३ टक्के.

केबिन क्रूला ड्यूटीच्या वेळी रक्तात अल्कोहोलचा अंशही चालत नाही. त्यासाठी ब्रेथ ॲनलायझरमध्ये फुंकर मारून घेतात, आणि ते योग्यच आहे. पण दोनच्या गजराने उठून आलेली मुलगी दुपारी चौथ्या उड्डाणाला उभी राहते, तेव्हा तिच्या मेंदूची अवस्था काय आहे हे विचारणारं यंत्र विमानतळावर नाही. निदान ते सांगणारं तोंड तरी बंद करू नका!

दीर्घकाळात काय होतं?

माझ्याकडे येणाऱ्या क्रूच्या तक्रारी जवळपास ठरलेल्या आहेत. ॲसिडिटी, पोट फुगणं, बद्धकोष्ठता, पाळीची अनियमितता, कंबरदुखी, वारंवार सर्दी आणि विमान उतरताना कानात होणारी ठणक. विमानाच्या आतली हवा साधारण सहा ते आठ हजार फूट उंचीवरच्या हवेइतकी विरळ असते. महाबळेश्वर साडेचार हजार फुटांवर आहे, यावरून कल्पना करा. त्यात आर्द्रता बऱ्याचदा २० टक्क्यांखाली. अशा हवेत ट्रॉली ढकलत दिवसभर चालायचं.

याहून गंभीर गोष्टीही आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने रात्रपाळीच्या कामाला २००७ साली “बहुधा कर्करोगकारक” अशा २ए गटात टाकलं आणि २०१९ मध्ये पुन्हा तपासून ते मत कायम ठेवलं. २०१८ मध्ये हार्वर्डच्या संशोधकांनी अमेरिकेतल्या पाच हजारांहून अधिक फ्लाइट अटेंडंटचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात स्तनाचा कर्करोग आणि त्वचेचे कर्करोग सर्वसाधारण लोकसंख्येपेक्षा जास्त आढळले. एका अभ्यासाने कारण सिद्ध होत नाही, हे मी नेहमीप्रमाणे इथेही सांगतो. रात्रीचं काम, उंचीवरचे वैश्विक किरण, मूल उशिरा होणं अशी अनेक कारणं एकत्र असू शकतात. गर्भारपणाबाबत अमेरिकेच्या सरकारी व्यावसायिक आरोग्य संस्थेने २०१५ मध्ये दाखवलं की पहिल्या तिमाहीत आपल्या झोपेच्या वेळेत १५ तास किंवा अधिक काम केलेल्या फ्लाइट अटेंडंटमध्ये गर्भपाताचा धोका वाढलेला दिसतो.

आमच्या रुग्णालयातल्या एक्स-रे तंत्रज्ञाच्या छातीवर किरणोत्सर्ग मोजणारा बॅज असतो. युरोपीय महासंघाच्या नियमांनुसार विमान कंपन्यांना क्रूला मिळणाऱ्या किरणोत्सर्गाचा हिशेब ठेवावा लागतो. माझ्या पेशंटला मी विचारलं, “तुझा आकडा किती?” तिला असा काही आकडा असतो हेच माहीत नव्हतं.

दहा तासांची विश्रांती म्हणजे किती झोप?

इथे कागद आणि शरीर यांची फारकत होते. अमेरिकेचं उदाहरण घेऊ, कारण तिथला लढा नीट नोंदलेला आहे. तिथे फ्लाइट अटेंडंटना दोन ड्यूट्यांमध्ये नऊ तासांची विश्रांती होती आणि काही परिस्थितीत ती आठ तासांवर आणता येत असे. संघटनांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. २०१८ मध्ये तिथल्या संसदेने दहा तासांचा कायदा केला. प्रत्यक्ष नियम यायला ऑक्टोबर २०२२ उजाडला. एका वाढीव तासासाठी कायद्यानंतरही चार वर्षं!

आता या दहा तासांचा हिशेब मांडू:

- विमानतळातून बाहेर पडून हॉटेलवर पोहोचणं: १ तास
- आंघोळ आणि जेवण: १ तास
- डोळा लागेपर्यंत: अर्धा तास
- उठून आवरणं, गणवेश, केस, मेकअप: १ तास
- गाडीची वाट पाहून पुन्हा विमानतळ: १ तास

उरले साडेपाच तास. जुन्या आठ तासांच्या नियमात उरत होते साडेतीन.

त्याच अमेरिकेत वैमानिकांना २०१४ पासून दहा तास मिळत होते आणि त्यांच्या नियमात स्पष्ट लिहिलं आहे की त्यात सलग आठ तास झोपेची संधी मिळाली पाहिजे. केबिन क्रूच्या नियमात दहा तासांचा आकडा आला, झोपेचा उल्लेख त्या पद्धतीने आला नाही. विमान तेच, रात्र तीच, हॉटेलही बहुधा तेच. वैमानिकाच्या मेंदूला आठ तास झोप लागते आणि केबिन क्रूच्या मेंदूला साडेपाच पुरतात, असं माझ्या एमडीच्या कुठल्याही पुस्तकात नव्हतं.

आपल्याकडेही २०२५ च्या अखेरीस वैमानिकांच्या विश्रांतीवरून केवढा गोंधळ झाला, ते तुम्हाला आठवत असेल. साप्ताहिक विश्रांती ३६ तासांवरून ४८ तास झाली, रात्रीच्या लँडिंगवर सहाऐवजी दोनची मर्यादा आली. नोव्हेंबरपासून दुसरा टप्पा लागू झाला आणि डिसेंबरच्या सुरुवातीला इंडिगोची एका दिवसात हजाराहून अधिक उड्डाणं रद्द झाली. लग्नाला निघालेले, परीक्षेला निघालेले लोक विमानतळावर बसून राहिले. मग नियमांनाच तात्पुरती सूट मिळाली. अनेकांनी निष्कर्ष काढला की विश्रांतीच्या नियमामुळे विमानं बंद पडली. मला उलटं दिसतं. नियम जानेवारी २०२४ मध्येच जाहीर झाले होते. माणसांना पुरेशी झोप दिली की वेळापत्रक कोसळत असेल, तर ते वेळापत्रक आजवर कुणाच्या झोपेवर उभं होतं?

आणि त्या सगळ्या चर्चेत केबिन क्रूचं नाव किती वेळा ऐकलंत? त्यांचे नियम वेगळे आहेत, त्यांच्यासाठी टीव्हीवर वादविवाद झाले नाहीत.

दार बंद होईपर्यंत मीटर बंद

पगाराचा प्रश्न आरोग्याच्या ब्लॉगवर कशाला? कारण पैसे कसे मोजले जातात त्यावर माणूस किती काम अंगावर ओढतो, ते ठरतं.

जगभर अनेक कंपन्यांमध्ये केबिन क्रूचा मोबदला मुख्यतः उड्डाणाच्या तासांवर असतो. आपल्याकडेही ठरावीक पगार आणि वर उड्डाणाच्या तासांप्रमाणे भत्ता अशी रचना सर्रास आहे. म्हणजे प्रवासी चढवणं, बॅगा वर कोंबायला मदत करणं, रडणारं मूल, भांडणारे काका, सुरक्षेची तपासणी, उशीर झाला तर बंद विमानात उकाड्यात वैतागलेल्या दीडशे माणसांना तोंड देणं, या सगळ्यात मीटर बंद. सगळ्यात दमवणारं काम नेमकं फुकटात.

कॅनडात याच मुद्द्यावर ऑगस्ट २०२५ मध्ये एअर कॅनडाच्या १० हजारांहून अधिक फ्लाइट अटेंडंट संपावर गेल्या. १६ ऑगस्टला संप सुरू झाला आणि बारा तासांच्या आत सरकारने कामगार कायद्याचं कलम १०७ वापरून त्यांना कामावर परतायला लावण्याची पावलं उचलली. संघटनेने तो आदेश मानला नाही. १९ ऑगस्टला तडजोड झाली. जमिनीवरच्या कामाला प्रथमच पैसे मिळायचं ठरलं, तेही लहान विमानासाठी ६० आणि मोठ्यासाठी ७० मिनिटांचे, सुरुवातीला निम्म्या दराने. पुढे तडजोडीतला वेतनाचा भाग सदस्यांनी ९९.१ टक्के मतांनी फेटाळला. इतकं एकमत आमच्या सोसायटीच्या सभेत पाण्याच्या टाकीवरही होत नाही.

यातला वैद्यकीय मुद्दा लक्षात घ्या. फक्त उडण्याचे पैसे मिळत असतील, तर माणूस थकलेला असूनही उडतो. घरी थांबलं की भत्ता बुडतो. ईएमआय, भावाची फी, गावी पाठवायचे पैसे, हे सगळं झोपेपेक्षा मोठं ठरतं. मग डॉक्टरने कितीही सांगितलं “विश्रांती घे”, तरी ते औषध परवडायला हवं ना?

“हवाईसुंदरी” या शब्दाने घात केला

आपण मराठीत वर्षानुवर्षं “हवाईसुंदरी” म्हणत आलो. त्या शब्दातच काम गायब आहे, फक्त रूप आहे. खरी गोष्ट अशी की १९३० साली अमेरिकेत या कामावर रुजू झालेल्या पहिल्या स्त्रिया प्रशिक्षित परिचारिका होत्या. एलेन चर्च ही त्यांच्यातली पहिली. म्हणजे हा पेशा आमच्याच घरातून निघालेला आहे.

आजही केबिन क्रू विमानात आहे तो मुळात दार उघडण्यासाठी, आग विझवण्यासाठी, छातीत दुखणाऱ्या प्रवाशाला ऑक्सिजन देण्यासाठी आणि हृदय बंद पडलं तर सीपीआर देण्यासाठी. किती आसनांमागे किती क्रू हवा हा नियम चहाच्या कपांवर ठरलेला नाही, तो माणसं बाहेर काढण्यावर ठरलेला आहे. नवं विमान मंजूर होताना निम्म्याच दारांतून ९० सेकंदांत सगळे बाहेर काढता येतात, हे दाखवावं लागतं.

२ जानेवारी २०२४ आठवा. टोकियोच्या हानेदा विमानतळावर जपान एअरलाइन्सचं विमान उतरताना तटरक्षक दलाच्या विमानावर आदळलं. तटरक्षक दलाचे सहापैकी पाच जण गेले. जपान एअरलाइन्सच्या पेटलेल्या विमानात ३७९ माणसं होती. आतली ध्वनिक्षेपण यंत्रणा बंद पडली. आठपैकी तीनच दारं वापरता येण्यासारखी होती. कुठल्या दाराबाहेर आग आहे, कुठलं उघडायचं आणि कुठलं अजिबात उघडायचं नाही, हे धुरात उभं राहून क्रूने ठरवलं. ३७९ च्या ३७९ माणसं जिवंत बाहेर आली.

आता त्या धुरात, दार आर्म केल्याचं न आठवणारी माझी पेशंट उभी आहे अशी कल्पना करा. ती हुशार आहे, प्रशिक्षित आहे, धीट आहे. फक्त पाच दिवसांत वीस तासही झोपलेली नाही.

संघटनांमुळे तुम्हाला-मला काय मिळालं?

पन्नाशीच्या पुढच्या वाचकांना विमानातली स्मोकिंगची आसनं आठवत असतील. अमेरिकेत १९८८ मध्ये दोन तासांपर्यंतच्या देशांतर्गत उड्डाणांत धूम्रपान बंद झालं, १९९० मध्ये सहा तासांपर्यंतच्या, आणि २००० साली तिथून येणाऱ्या-जाणाऱ्या सर्व उड्डाणांत. यामागे फ्लाइट अटेंडंटचा मोठा रेटा होता, कारण दुसऱ्यांच्या सिगारेटचा धूर त्या रोज आठ-आठ तास फुप्फुसात घेत होत्या. कधीही सिगारेट न ओढलेल्या नॉर्मा ब्रॉइन या फ्लाइट अटेंडंटला बत्तिसाव्या वर्षी फुप्फुसाचा कर्करोग झाला. तिने आणि तिच्या सहकाऱ्यांनी तंबाखू कंपन्यांवर खटला भरला. १९९७ मध्ये तडजोड झाली आणि ३० कोटी डॉलर वैद्यकीय संशोधनासाठी मिळाले. आज तुमचा नातू विमानात स्वच्छ हवेत बसतो, त्यामागे हा लढा आहे.

आपल्याकडे तर त्याही आधी लढा झाला. एअर इंडियाच्या हवाई परिचारिकांना पस्तिशीत निवृत्ती, नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत लग्न केलं तर नोकरी गेली आणि पहिल्यांदा गरोदर राहिली तरी नोकरी गेली, असे नियम होते. नर्गेश मिर्झा आणि त्यांच्या सहकारी न्यायालयात गेल्या. १९८१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गर्भारपणाची अट रद्द केली. लग्नाची अट मात्र तेव्हा टिकली. आज वाचताना अंगावर काटा येतो, पण त्या काळी “नियम माहीत असूनच नोकरी घेतली ना?” असंच लोक म्हणत होते.

नेहमीचे आक्षेप

*“कुणी जबरदस्ती केली होती? ग्लॅमर हवं, मग त्रासही सोसा.”* खाणीत उतरणाऱ्यालाही कुणी जबरदस्ती केलेली नसते. म्हणून त्याचं हेल्मेट काढून घ्यायचं का?

*“आम्हीही चोवीस तास काम केलं, काही झालं नाही.”* हे वाक्य मी स्वतः अनेक वर्षं अभिमानाने म्हणायचो. आता कबुली देतो. नव्वदच्या दशकात मी एका सरकारी रुग्णालयात निवासी डॉक्टर होतो. सलग तिसाव्या की एकतिसाव्या तासाला मी एका आजोबांच्या केसपेपरवर औषधाचा डोस दहापट लिहिला. दशांशचिन्ह राहिलं. वॉर्डमधल्या सिस्टरने कागद माझ्यासमोर धरला आणि एवढंच म्हणाल्या, “डॉक्टर, जरा बघता का?” ते आजोबा घरी गेले. सिस्टरही माझ्याइतक्याच थकलेल्या असत्या तर ते गेले नसते. “काही झालं नाही” असं आपण म्हणतो, कारण ते झालं असतं हे सांगणारी माणसं गप्प बसतात.

आणि नियम तेव्हाही होता. केंद्र सरकारच्या १९९२ च्या निवासी डॉक्टर योजनेत सलग १२ तासांपेक्षा जास्त आणि आठवड्याला ४८ तासांपेक्षा जास्त ड्यूटी नको असं लिहिलेलं आहे. आजच्या निवासी डॉक्टरांना विचारा, हसतील. म्हणूनच म्हणतो, नुसता नियम पुरत नाही. तो पाळला जातो का, हे विचारणारी संघटना लागते.

*“तिकिटं महाग होतील.”* होतील, थोडी. डबाबंद पाण्यापासून सीट निवडण्यापर्यंत सगळ्याचे पैसे आपण देतोच. दार उघडणाऱ्या माणसाच्या झोपेचे पैसे द्यायला माझी हरकत नाही.

*“आजारी असल्याचं खोटं सांगून प्रवाशांना वेठीला धरतात.”* हा आक्षेप मला गंभीर वाटतो. मे २०२४ मध्ये एअर इंडिया एक्स्प्रेसच्या दोनशेहून अधिक क्रूने एकाच वेळी आजारी असल्याचं कळवलं. उड्डाणं रद्द झाली, आखातात कामाला निघालेले गरीब लोक अडकले. कंपनीने २५ जणांना कामावरून काढल्याची पत्रं दिली. ९ मे रोजी केंद्रीय मुख्य कामगार आयुक्तांसमोर बैठक झाली, पंचवीसही जण परत आले आणि क्रू कामावर रुजू झाला. तिथला वाद मुख्यतः विलीनीकरणानंतरचं वेतन आणि वागणूक यांचा होता. सामूहिक आजारपण हा मार्ग मला मान्य नाही. त्यात डॉक्टरांच्या कागदाची किंमत जाते, आणि खरा आजारी माणूस उद्या खोटा ठरतो.

पण असं का होतं तेही बघा. नव्या औद्योगिक संबंध संहितेनुसार संपाआधी नोटीस द्यावी लागते आणि ५० टक्के किंवा अधिक कामगारांनी ठरवून एकाच दिवशी किरकोळ रजा घेतली तर तोही संप धरला जातो. २१ नोव्हेंबर २०२५ पासून ती लागू आहे. बोलण्याचे सरळ दरवाजे जितके अरुंद कराल, तितकी माणसं खिडकीतून उड्या मारतील. खोट्या तापावर उपाय एकच, खऱ्या थकव्याचं ऐकणं.

एक डॉक्टर म्हणून माझ्या मागण्या

१. ड्यूटी रिपोर्टिंगपासून सुटकेपर्यंत मोजा आणि मोबदलाही त्याच घड्याळाने द्या.
२. विश्रांतीचा नियम तासांत नको, झोपेच्या संधीत लिहा. वैमानिकांना लावता तोच निकष केबिन क्रूला लावा.
३. “मी थकले आहे, आज उडू शकत नाही” हे सांगणाऱ्याचा भत्ता बुडू नये, बढती अडू नये. ही नोंद अपघात टाळणारी माहिती समजा.
४. थकव्याच्या तक्रारी तपासणाऱ्या समितीत क्रूच्या संघटनेचा प्रतिनिधी आणि बाहेरचा डॉक्टर असावा.
५. क्रूच्या किरणोत्सर्गाचा हिशेब ठेवा आणि तो त्यांना दाखवा.

तोवर क्रूने काय करावं?

- रोस्टर कसंही असो, चोवीस तासांतला एखादा चार तासांचा तुकडा शक्यतो रोज झोपेसाठी राखा.
- रात्रीच्या उड्डाणाआधी दुपारी दीड तास झोपा. मध्ये वेळ मिळाला तर २० मिनिटांची डुलकी पुरे.
- झोपायच्या सहा तास आधी कॉफी आणि एनर्जी ड्रिंक बंद.
- सकाळी घरी परतताना गडद चष्मा लावा, खोलीत जाड पडदे लावा. स्वतः गाडी किंवा स्कूटर चालवत येऊ नका.
- झोपेच्या गोळ्या मैत्रिणीच्या सल्ल्याने घेऊ नका. काही गोळ्यांचा अंमल दुसऱ्या दिवशीही राहतो.
- पाळी तीन महिने अनियमित असेल, गर्भधारणेचा विचार असेल किंवा त्वचेवरचा तीळ बदलत असेल, तर थांबू नका, डॉक्टरांना भेटा.
- झोप किती झाली याची वही ठेवा. दोन महिन्यांची वही हे तुमच्या संघटनेचं आणि तुमच्या डॉक्टरचं सगळ्यात मोठं हत्यार आहे.

आणि प्रवाशांनी? सुरक्षेची सूचना चालू असताना मोबाइल खाली ठेवा. जवळचं दार कुठे आहे ते बघून ठेवा. उशीर झाला म्हणून समोरच्या मुलीवर ओरडू नका, बहुतेक वेळा त्या तासाचे तिला पैसेही मिळत नसतात.

त्या सर्टिफिकेटचं काय झालं?

मी “व्हायरल फीवर” लिहिलं नाही. खोटं प्रमाणपत्र देणाऱ्या डॉक्टरचं नाव नोंदवहीतून काढलं जाऊ शकतं, हे २००२ च्या आचारसंहितेत स्पष्ट आहे. आणि भीतीपोटीच नव्हे, मला खरंच खरं लिहायचं होतं. लिहिलं: “कामाच्या पाळ्यांमुळे अपुरी झोप, तीव्र थकवा, सुरक्षेशी संबंधित काम करण्यास ४८ तास असमर्थ.” सही, शिक्का, नोंदणी क्रमांक.

तीन दिवसांनी तिचा मेसेज आला. कंपनीच्या वैद्यकीय विभागाने “निश्चित निदान” मागितलं होतं. ते दोन दिवस बिनपगारी झाले. म्हणजे माझ्या खरेपणाची किंमत तिने भरली. हे लिहिताना मला अजूनही बरं वाटत नाही. तरी पुन्हा वेळ आली तर मी हेच लिहीन, आणि माझ्या व्यवसायबंधूंनीही हेच लिहावं. एका डॉक्टरचं खरं सर्टिफिकेट परत येतं. शंभर डॉक्टरांची खरी सर्टिफिकेटं आली, तर त्यांना उत्तर द्यावं लागेल.

दिवाळीनंतर ती परत आली. अंगावर शाल, नाक लाल. खुर्चीत बसता बसता म्हणाली, “सर, या वेळी खरंच ताप आहे.”

१०२ होता. दोन मिनिटांत कागद लिहून दिला. रजा लगेच मंजूर झाली.